आत राहिलेला फोटो

आमच्या बैठकीच्या भिंतीवर माझ्या बायकोचा फोटो आहे. चेहरा तिचा आहे, बाकी काही तिचं नाही. ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता, आणि घरात तिचा एकटीचा धड एकही फोटो सापडेना. शेवटी शाळेतल्या शिक्षकांचा एक एकत्र फोटो स्टुडिओत नेऊन दिला. स्टुडिओवाल्यानं त्यातून तिचा चेहरा उचलला, शेजारच्या बाईंचा खांदा पुसला आणि तो चेहरा एका जांभळ्या, जरीकाठाच्या साडीतल्या अंगावर बसवला. गळ्यात ठसठशीत हार. मागे धबधबा. गावातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाला तो असंच सजवतो. पुरुषांना कोट आणि टाय, बायकांना जरीची साडी. लोकांना ते आवडतं, आणि का आवडू नये? पण त्या साडीतल्या बाईखाली बसून मी इतकी वर्षं चहा पितोय, पेपर वाचतोय, आणि मान वर करून तिच्याशी एक शब्द बोलावा असं मला कधी वाटलेलं नाही.

घरात तिचा फोटो नव्हता, कारण कॅमेरा कायम तिच्या हातात असायचा. ती लाखांदूरला शाळेत चित्रकला शिकवायची, मी कॉलेजात ग्रंथपाल. कॅमेरा तिला नागपूरला शिकत असताना एका शिक्षिकेनं दिला होता. घडी केला की चपटा, वहीएवढा. उघडला की उभा राहायचा. बटण दाबलं की पुढच्या फटीतून पांढऱ्या चौकटीचा कागद बाहेर येई आणि आपल्या डोळ्यांदेखत त्यावर चित्र उमटत जाई. धुवायला देणं नाही, वाट पाहणं नाही. झटपट फोटो.

त्याची रचना मला तिनंच समजावून दिली होती, आणि पुढचं सगळं त्या रचनेवरच अवलंबून असल्यानं सांगतो. कागदाच्या पांढऱ्या किनारीत औषधाची एक बारीक पुडी असते. कागद बाहेर पडताना दोन रुळांमधून दाबला जातो, पुडी फुटते आणि औषध चित्रभर पसरतं. म्हणजे कागद रुळांतून निघाला नाही, तर चित्र नाही. दुसरी गोष्ट अशी की कॅमेऱ्यात वेगळा सेल घालावा लागत नाही. सेल फिल्मच्या डबीतच, कागदांच्या तळाशी बसवलेला असतो. डबी जुनी झाली की तिच्याबरोबर सेलही जातो.

पण तिला नुसत्या फोटोशी देणंघेणं नव्हतं. फोटो बाहेर आला की आतलं औषध काही वेळ मऊ असायचं, सायीसारखं. तेवढ्या वेळात ती बाभळीचा काटा घेऊन वरच्या पातळ पापुद्र्यावरून दाबत जायची. फुटू द्यायची नाही. आतले रंग सरकायचे. बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, पाणी ओढून ती आभाळात न्यायची. धानाची रोवणी करणाऱ्या बायांच्या पाठी वाकवून धुऱ्यात, खाचराच्या बांधात, मिसळून टाकायची. फोटो थंड झाला की तो लवकर घट्ट होतो, म्हणून मांडीवर चहाचं गरम भांडं ठेवून, त्याच्या झाकणावर फोटो ठेवून तिचं काम चालायचं.

माय म्हणायची, "फोटोले शेकून राहिली काय वो सूनबाई? ताप आला काय त्याले?"

"हो मामीजी. सर्दी झाली त्याले."

"मंग लसूण घाल थोडासा."

सासूला मामीजी म्हणायची तिच्या माहेरची पद्धत होती. दोघींचं गूळपीठ असं की मला कधीकधी पाहुण्यासारखं वाटे.

फिल्मला उष्णता सोसत नाही आणि आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. फ्रिज होता, पण वीज दुपारभर नसायची. मग तिनं आमच्याकडची जुनी युक्ती केली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रांजण आहे. रांजणाखाली रेती, पाझरून ती कायम ओली. माय त्या रेतीत लिंबं, विड्याची पानं, कोथिंबिरीची जुडी ठेवते. बायको फिल्मच्या डब्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तिथंच पुरायची. कितीदा माय लिंबू शोधायला गेली आणि हाती फिल्म लागली.

मग एका वर्षी नागपूरला सीताबर्डीतल्या दुकानदारानं सांगितलं की ही फिल्म आता निघणार नाही. "मॅडम, कंपनीनेच बंद कर दिया. डिजिटल ले लो, मस्त आहे." ती दुकानाच्या पायरीवर बसली. मी तिला उसाचा रस आणून दिला. तिनं तो हातात धरून ठेवला. नंतर एसटीत म्हणाली, "माझा हात कोणी काढून घेतला असता तर मी ओरडले तरी असते जी. याच्यावर काय ओरडू?" मला तेव्हा ते जास्तच वाटलं होतं. आता वाटत नाही.

राहिलेल्या डब्या तिनं पुरवून पुरवून वापरल्या. मुदत केव्हाच टळली होती. रंग पिवळट येऊ लागले, कडा भाजल्यासारख्या. ती म्हणायची, आपलं ऊन आता फोटोत शिरलं. शेवटच्या डबीतला शेवटचा कागद उरला तेव्हा रोवणीचे दिवस होते. आम्ही गावाबाहेर एका बांधीच्या धुऱ्यावर गेलो होतो. तिनं कॅमेरा माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच.

"हा माझ्यावर टाका," ती म्हणाली. "याच्यावर मीच काटा चालवीन. पाहू तर, माझं नाक कुठवर जाते ते."

ती धुऱ्यावर बसली. सुती निळी साडी, गुडघ्यापर्यंत चिखल, मागे पाणी आणि पऱ्हे, धानाची कोवळी रोपं. हातात काटा, तयारीत. मी बटण दाबलं. खट्ट झालं. मग आत काहीतरी कण्हलं, लांबलं आणि थांबलं. कागद बाहेर आलाच नाही. सेल संपला होता.

मी कॅमेरा उघडायला गेलो, तर ती चिखलातून धावत आली. "उघडू नका! उजेड लागला की गेला." मग कॅमेरा कानाशी धरून, हलवून, हसायला लागली. "अडकली जी मी आत."

घरी येऊन मायलाही तिनं तेच सांगितलं, की मी कॅमेऱ्यात फसली आहे. मला मात्र नीट समजावलं. फोटो आत शाबूत आहे. फक्त ताजा सेल पाहिजे, आणि तो नव्या डबीतच मिळणार. कुठं ना कुठं एखादी डबी मिळेलच. अंधारात हा कागद नव्या डबीवर ठेवायचा, झाकण लावायचं, कॅमेरा आपसूक त्याला बाहेर ढकलेल. तोवर उघडायचा नाही.

डबी मिळाली नाही. पाऊस संपता संपता तिला कावीळ झाली. भंडाऱ्याचा दवाखाना झाला, नागपूरचा झाला. आणि मग तो जांभळ्या साडीचा फोटो आला.

कॅमेरा कपाटात होता. मी त्या कपाटाकडे पाठ करून झोपायला शिकलो. वाचनालयात दुपारी मुलं नसत तेव्हा संगणकावर मी त्या फिल्मबद्दल वाचायचो. परदेशात कुठंतरी बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रं भंगारात जाण्याआधी काही जुन्या कामगारांनी वाचवली होती. यंत्रं वाचली, पण औषधं वाचली नव्हती. पूर्वीची रसायनं बनायचीच बंद झाली होती, म्हणून कृती पहिल्यापासून नवी शोधावी लागत होती. पहिले नमुने वाईट आले. काहींवर डाग, काही काही दिवसांत पुसले गेले. जगभरातले लोक त्या डागांचेही फोटो लावत, कौतुक करत. मी ते एखाद्या आजारी नातेवाईकाची खुशाली वाचावी तसं वाचत असे. आज थोडं बरं आहे. आज पुन्हा ताप.

पुढे फिल्म खरंच निघाली, सुधारली, विकत मिळू लागली. मी मागवली नाही. कुणी विचारलं असतं तर मला कारण सांगता आलं नसतं. इतकंच कळत होतं की डबी नाही तोवर आतला फोटो बिघडलेला नाही. ती तिथं धुऱ्यावर बसलेली आहे, काटा हातात, आणि मी बाहेर उभा आहे. कॅमेरा उघडणं म्हणजे तिला पुन्हा एकदा दवाखान्यात नेण्यासारखं होतं. त्यामुळे मी घर, वाचनालय आणि घर एवढंच करत राहिलो. कुणी बदलीचं सुचवलं तर नको म्हणालो. मेहुणी म्हणाली, थोडे दिवस पुण्याला या. तिलाही नको म्हणालो. जणू मी दाराबाहेर पाऊल टाकलं तर कुणीतरी ते कपाट उघडेल.

एका दुपारी वाचनालयात खुर्चीत डोळे मिटले आणि ती समोर आली. जांभळ्या साडीत. मागे धबधबा. मी डोळे उघडले, पुन्हा मिटले. निळी साडी आठवत होती, पण शब्दानं आठवत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. स्टुडिओवाल्याची बाई रोज समोर बसून बसून आत शिरली होती. मी त्याच संध्याकाळी सीताबर्डीच्या दुकानात फोन केला.

फिल्म यायला बराच वेळ लागला. गेल्या उन्हाळ्यात दुकानदाराचा फोन आला. "सर, ते झटपटवाले आले. पण साहेब, आधीच सांगून ठेवतो, ही पहले जैसी नाही. बाहेर आली की उजेडापासून झाकावी लागते. आणि मॅडम काट्यानं काढायच्या ना, तसं याच्यावर नाही होत. घट्ट असते." त्याला तिचा काटा आठवत होता. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली डबी मांडीवर घेऊन मी नागपूरहून आलो. म्हणजे जे परत आलं होतं ते तिच्या उपयोगाचं नव्हतंच. मऊ राहणारा जगातला कुठला कागद अजून उरला असेल ते मला माहीत नाही. आमच्या घरात एकच होता, आणि तो आत होता.

घरी येऊन कपाट उघडलं. चामडी पिशवी होती, कॅमेरा नव्हता.

"माय, कॅमेरा कुठी हाय?"

"रांजनाखाली," माय म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

"रांजणाखाली काहून?"

"काहून म्हंजे? सूनबाई नाई ठेवत होती काय? उन्हाळा लागला का थंड्या जागी ठेवा म्हणे."

"अवो माय, ते डब्या ठेवायची! फिल्म! कॅमेरा नाही!"

"मंग? फिल्म त्याच्यात फसली हाय ना? तिनंच सांगतलं." माय सूप खाली ठेवून माझ्याकडे बघू लागली. "मी तं दरसाल ठेवतो. चैत निघाला का ठेवतो, पानी पडलं का कपाटात. तू तं तिकडं पाहतही नाई."

आमच्याकडे बायाही ठेवतो, जातो असंच बोलतात. खाली बसून रेती उकरली. लिंबाशेजारी तो होता, खताच्या पिशवीच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये सुतळीनं आवळलेला. पिशवीच्या आत दमट वाफ. कातडं फुगलं होतं, बिजागरीवर तांबूस गंज. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात मायनं माझ्या बायकोला ओल्या रेतीत जपून ठेवलं होतं. मला रडावं की ओरडावं ते कळेना. तेवढ्यात ध्यानात आलं की कपाटात ठेवला असता तर इथल्या उन्हानं पुडीतलं औषध पहिल्याच वर्षी खडखडीत वाळलं असतं. आता गंज आधी की औषध आधी, एवढाच प्रश्न होता.

पूर्ण अंधार लागणार होता. स्टुडिओवाल्याची जुनी अंधारखोली आता फ्लेक्सच्या गुंडाळ्यांनी भरलेली आहे. आमच्या घरात पत्र्याच्या फटींतून उजेड कुठूनही येतो. मायनंच ढोली सुचवली. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी, शेणामातीनं लिंपलेली. मे महिन्यात ती रिकामी असते. मी आत उतरून उकिडवा बसलो, मायनं वरून तोंडावर दोन गोधड्या टाकल्या आणि कडा दाबून उभी राहिली.

आत धानाच्या तुसाचा वास होता. नाकात, डोळ्यांत बारीक कुसळं. हात पसरायला जागा नव्हती, गुडघे छातीशी. डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, सारखंच. बाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज आला.

"काय वो बाई, ढोली काहून धरून राहिली? पयून जाते काय?"

"अंदर माहा पोरगा हाय."

"अव माय! काय करते थो अंदर?"

"बायकोचा फोटो काढते."

मग काकू हळूच म्हणाल्या, "गरमीनं झालं असन वो. कांदा हुंगव त्याले."

मी जुन्या रिकाम्या डबीवर डोळे मिटून सराव केला होता, पण इथं बोटं ओली होती. झाकण गंजानं धरलं होतं. जोर लावला तसं ते करकरलं आणि सुटलं. रुळांच्या तोंडाशी कागदाची कड टेकलेली लागली. तिथवर येऊन ती थांबली होती. मी कागद अलगद मागे ओढला. तो माझ्या हातात होता, बोटांखाली किनारीतली पुडी. ती दाबून बघावी असं वाटलं, दाबली नाही. नव्या डबीवरचं काळा पुठ्ठा काढून तिथं तो ठेवला, जुनी डबी काढून नवी सरकवली, झाकण लावलं.

कॅमेरा कण्हला. बांधीवर कण्हला होता तसाच. मग रूळ फिरले, आवाज सलग झाला, आणि कागद माझ्या हाताच्या तळव्यावर आला.

"माय, काढ गोधड्या!"

जुना कागद उजेडात चालतो. मी अंगभर तूस घेऊन ढोलीतून निघालो आणि सरळ ओसरीवर बसलो. काकू पदर तोंडाला लावून बघत होत्या. माय शेजारी टेकली. बराच वेळ सगळं तपकिरीच होतं. मग एका बाजूनं, पंख्याच्या आकारात, पिवळट उजेड पसरू लागला. औषध तेवढंच जिवंत होतं. त्या पंख्यात आधी पाणी आलं. मग धुऱ्याची कड. मग निळी साडी, गुडघा, त्यावरचा चिखल. मग हात, आणि हातातला काटा.

आम्ही थांबलो. हाताच्या वर कोपर आलं, कोपराच्या वर वेणीचं टोक. त्याच्या वर तपकिरी. तिथं पुडीतलं औषध पोचलंच नव्हतं. मी फोटो उन्हाकडे धरला, सावलीत धरला. चेहरा आला नाही.

"हात तिचाच हाय," माय म्हणाली. "हे पाह्य ना, अंगठ्यावर भाजल्याचा डाग."

"तोंड नाही आलं, माय."

"नाई आलं." मग तिनं फोटोच्या कडेला बोट लावलं. "गरम हाय हा. नरम हाय अजून."

होता. उन्हाळ्यानं त्याला मऊ ठेवलं होतं. माय उठली, खिडकीतल्या काडेपेटीतून काटा घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. बायको काटे ठेवायची ती काडेपेटी तिनं अजून फेकली नव्हती. काटा वाळून काळा झाला होता, टोक शाबूत.

मी तो फोटोतल्या पाण्यावर धरला. पाणी आभाळात न्यायचं म्हटलं तर आभाळ आलंच नव्हतं. निळी साडी ओढून तपकिरीत नेता आली असती, थोडीशी. हाताच्या वर खांदा काढता आला असता, खांद्यावर काहीतरी मानेसारखं. पण मग स्टुडिओवाल्यात आणि माझ्यात काय राहिलं असतं? आणि काटा तर तिच्या हातात होता, फोटोतच. मीच चालवीन, असं ती म्हणाली होती. मी काटा धरून बसून राहिलो. कपाळावरून घाम मनगटावर पडला. मायनं चहा टाकू का विचारलं, भांडं गरम लागेल म्हणाली. मी नको म्हणालो. काकू केव्हा गेल्या ते कळलं नाही. नंतर बोट लावून पाहिलं तर वरचा पापुद्रा ताठ झाला होता. दाबलं तर काही सरकेना.

तो फोटो मी भिंतीवर लावलेला नाही. डोळे मिटले की अजूनही बहुतेक वेळा जांभळी साडीच येते. पण कधीकधी आधी हात येतो, चिखलाचा गुडघा येतो, आणि मी तिथंच थांबतो. पुढं जायचा प्रयत्न करत नाही.

त्या दिवशी काटा काडेपेटीत ठेवत होतो, तेव्हा मायनं विचारलं, "त्या डबीत अजून कागद हायेत ना?"

"हायेत."

"मंग एक माह्यावर टाक." ती रांजणाजवळ जाऊन बसली. नेसूचं विटकं लुगडं, हातावर अजून रेती. "मी मेल्यावर त्या स्टुडिओवाल्याले नको देऊ. थो मले जरीचं नेसवते अन् धबधब्यात उभी करते. मले सर्दी होते."

"लुगडं तरी बदल, माय."

"काहून? हे काय खराब हाय?"

मी बटण दाबलं. कॅमेरा कुरकुरत का होईना चालला. नव्या फिल्मला उजेडापासून झाकावं लागतं, म्हणून कागद बाहेर येताच मी तो सदऱ्याच्या आत घातला आणि पोटाशी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. तो गार होता. माय रांजणाजवळून हलली नाही. तिला वाटलं असावं की आपण हललो तर बिघडेल.

"आली काय मी?" तिनं विचारलं.

"नाही अजून," मी म्हणालो. "थांब जराशी."